समुद्राकाठी घर पाहताना

शिरूर अनंतपाळहून मी निघाले त्या सकाळी नेमका गल्लीत टँकर आला, त्यामुळे गुरुजी मला स्टँडवर सोडायला येऊ शकले नाहीत. गुरुजी म्हणजे माझे पती. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांची हयात गेली. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणतं, तशी मीही म्हणते. त्या उन्हाळ्यात टँकरची नळी त्यांच्याच हातात असायची. दुसऱ्या कुणी धरली की हाणामारीवर गोष्ट यायची, आणि गुरुजींनी धरली की बाया मुकाट्यानं रांगेत घागरी सरकवायच्या. मी पिशवी खांद्याला लावून त्यांच्यापाशी थांबले. नळीवरची नजर न काढता ते म्हणाले, "भाकरी घेतलीस का?"

"घेतली."

"जा मग. नीट बघ. तुला पटलं तर मला पटलं."

बघायचं होतं ते घर, आणि तेही समुद्राकाठी. आमची एकुलती मुलगी सुजाता विशाखापट्टणला एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम करते. दुष्काळाच्या बातम्या टीव्हीवर बघून ती बेजार झाली होती. लातूरला रेल्वेनं पाणी यायचे ते दिवस. तिनं फोनवर स्पष्टच सांगितलं, "मी आता मोठं घर भाड्यानं घेते. तुम्ही दोघं कायमचे इकडं या. पण घर आईनं निवडायचं. मी निवडलेल्या घरात तुमचं मन नाही लागणार." गुरुजींना विचारलं तर म्हणाले, "मी गेल्यावर नळी कोण धरल? तू जाऊन बघून ये." म्हणजे येणार की नाही हे त्यांनी सांगितलंच नाही. मी सरकारी दवाखान्यात परिचारिका होते, निवृत्त झाले. पेशंट हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही, तेव्हा त्याच्या मनात काय असतं ते मला कळतं. गुरुजींच्या बाबतीत मात्र ते कधी कळलं नाही.

लातूरच्या स्टँडवर नांदेडची बस लागेपर्यंत बसले. चहाच्या गाड्यावर कुणी पाणी मागितलं की मालक आधी त्याच्या तोंडाकडं बघायचा, मग अर्धा ग्लास भरून द्यायचा. अहमदपूर, लोहा करत बस निघाली. दोन्ही बाजूंची शेतं नांगरून तशीच पडलेली. उसाच्या जागी नुसती खुंटं उभी. बाभळी तेवढ्या हिरव्या. बाभळीला कुणाची गरज नसते. नांदेड आलं तसं सगळे प्रवासी खिडकीकडं वळले. खाली गोदावरी. पात्रात मुलं क्रिकेट खेळत होती. एका कडेला वाळूत खड्डा केलेला, आणि एक बाई त्यात वाकून वाटीनं हंडा भरत होती. माझ्या शेजारचा म्हातारा पुलावर नेहमी हात जोडत असणार. त्याचे हात उठले, अर्ध्यातच थांबले, मग त्यानं जोडलेच.

नांदेडहून विशाखापट्टणला थेट गाडी जाते. मुदखेडला डबा भरला. माझ्यासमोर एक जाडजूड, कुंकू लावलेल्या बाई येऊन बसल्या. नाव नरसाबाई, राहणार देगलूर, राजमहेंद्रीला मुलीकडे निघालेल्या. बसल्या-बसल्या त्यांनी फोनवर नवऱ्याला मराठीत दटावलं, हमालाशी तेलुगूत हुज्जत घातली आणि शिव्या मात्र कानडीत दिल्या.

"आमचं देगलूर असंच हाय बगा," त्या हसून म्हणाल्या, "एक पाय इकडं, एक पाय तिकडं. जीभ तीन ठिकानी. तुमी शिरूरच्या? मग तुमचं बी उदगीर जिल्ह्यात जानार म्हनं."

उदगीर नवा जिल्हा होणार ही बोलणी आमच्याकडं दर दोन-चार वर्षांनी निघतात. डब्यातल्या एका गृहस्थांनी ती लगेच उचलली. नव्या जिल्ह्यात कोणकोणते तालुके जातील, कचेरी कुठं होईल, यावर त्यांचं भाषण मुदखेडपासून धर्माबादपर्यंत चाललं. मला आठवलं, लातूर नवा जिल्हा झाला त्या वर्षांत मी नोकरीला लागले. तेव्हाही लोक असंच बोलायचे: आता रस्ते होतील, दवाखाने होतील, पाणी येईल. रस्ते झाले. दवाखाने झाले, त्यांतल्याच एकात माझा जन्म गेला. मी गृहस्थांना एवढंच विचारलं, "जिल्हा झाला तर पाणी कुठून आणायचं ठरलंय?" ते म्हणाले, "ते नंतर बगू ना, बाई." आणि सगळा डबा हसला.

बासरला पुन्हा गोदावरी ओलांडली. उजेड सरत होता. पुलाखाली इथंही वाळूच, पण मधे मधे डबकी होती आणि त्यांत आभाळाचा लालसर रंग उतरला होता. नरसाबाईंनी माझी ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी अर्धी संपवली आणि त्याबदली मला तेलुगू शिकवलं. इल्लु म्हणजे घर. अद्दे म्हणजे भाडं. नीळ्ळु म्हणजे पाणी. "आन मंची नीळ्ळु ध्यानात ठेवा," त्या म्हणाल्या. "मंची म्हंजी चांगलं. प्यायचं गोडं पानी. समुद्राकडं चाललाव, तितं सगळं पानीच हाय, पर मंची नीळ्ळु कुटं हाय ते आदी इचारायचं."

पहाटे त्यांनीच मला हलवून उठवलं. "उठा बाई, तुमची गोदावरी आली."

मी खिडकीला तोंड लावलं. गाडी पुलावर होती आणि पूल संपत नव्हता. झुंजूमुंजू उजेडात खाली पाणी, नुसतं पाणी. त्यावर होड्या. पलीकडचा काठ धुक्यात नाहीसा झालेला. मी विचारलं, "ही तीच का हो?"

"तीच. मानसं म्हातारपनी वाळतेत, ही भरती."

नरसाबाई राजमहेंद्रीला उतरल्या. मी पुढं किती तरी वेळ खिडकीलाच बसून राहिले. वाटीनं हंडा भरणारी ती बाई डोळ्यासमोरून जात नव्हती. एवढं पाणी इकडं होतं, आणि ते तिच्या दारावरूनच आलं असणार.

विशाखापट्टणच्या स्टेशनावर सुजाता उभी होती. वाळली होती. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "वाळलीस म्हणू नकोस. सगळ्या आया तेच म्हणतात." मी म्हटलं नाही. रिक्षात बसल्यावर मात्र तिचं मनगट हातात धरून ठेवलं. तिनं रिक्षावाल्याला मुद्दाम समुद्राच्या रस्त्यानं घ्यायला लावलं.

मी समुद्र पहिल्यांदाच बघत होते. मला वाटायचं, समुद्र खाली असणार, तळ्यासारखा; काठावर उभं राहून वाकून बघायचा. रिक्षा वळली आणि तो समोर उभा होता. खाली नव्हताच. डोळ्याच्या उंचीला त्याची कड होती, आणि तिथून तो आमच्याकडं उतरत येत होता. मी पदर तोंडाला लावला. सुजाता घाबरून म्हणाली, "आई, काय झालं?" काय सांगणार? गुरुजींनी तिला लहानपणी भूगोल शिकवला. खंड, महासागर, भरती-ओहोटी, सगळं फळ्यावर काढून. त्यांनी हे कधी पाहिलं नव्हतं. त्या घडीला ते वाळलेल्या गल्लीत नळी धरून उभे असतील, एवढंच माझ्या मनात आलं.

सुजाता मुलींच्या एका वसतिगृहासारख्या जागेत राहायची. एक खोली, एक खाट, खिडकीत वाळत घातलेले कपडे. दुसऱ्या दिवशी ती उठली तेव्हा मी तिची बादली, कुकर, दोन पातेली, डब्याची झाकणंसुद्धा पाण्यानं भरून ठेवली होती. ती दारात उभी राहून बघत राहिली. "आई, इथं नळ जात नाही गं," ती हळूच म्हणाली. मला लाज वाटली नाही, हसूच आलं. पण तिला आलं नाही.

घर पाहावं बांधून, असं आपल्याकडं म्हणतात. भाड्याचं घर शोधून पाहिलेलं नसणार त्या म्हणणाऱ्यानं. आम्हाला व्यंकटराव नावाचे मध्यस्थ भेटले. स्कूटरवर पुढं ते आणि मागं रिक्षात आम्ही. त्यांचं हिंदी त्यांच्यासारखंच घाईचं. "सी व्ह्यू चाहिए? सब को सी व्ह्यू चाहिए," असं म्हणत ते आम्हाला पहिल्यांदा शहरातल्याच समुद्राच्या रस्त्यावर घेऊन गेले. उंच इमारत, पाचवा मजला. हॉलच्या खिडकीत समुद्र मावत नव्हता. पण मी खिडकीच्या गजाला हात लावला तर गंजाचा पापुद्रा तळव्यावर आला. खारा वारा लोखंड खातो, इथं दर वर्षी रंग द्यावा लागतो, असं व्यंकटरावांनी सांगितलं. तरी मला जागा आवडली होती. स्वयंपाकघरात सकाळचं ऊन येत होतं.

मालकीणबाई आल्या. नीटनेटक्या, गोड बोलणाऱ्या. सुजाताला नोकरी विचारली, वडिलांचं विचारलं, मग हिंदीत म्हणाल्या, "आप लोग कौन?"

"बौद्ध," सुजाता म्हणाली.

"अच्छा, बुद्धिस्ट." त्या हसल्या. "पण त्याच्या आधी?"

सुजातानं माझ्याकडं बघितलं नाही. शांतपणे म्हणाली, "आधी म्हणजे माझे पणजोबा. माझ्या आजोबांनी छप्पन सालीच दीक्षा घेतली. आम्ही तेव्हापासून बौद्धच आहोत." बाई अजून हसतच होत्या. आम्हाला चहा दिला, जिन्यापर्यंत पोचवायला आल्या. संध्याकाळी व्यंकटरावांचा फोन आला की तिथं मालकीणबाईंचे कुणी नातेवाईक राहायला येणार आहेत, अचानक ठरलं. सुजातानं फोन ठेवला आणि म्हणाली, "हे तिसरं घर असं. तू यायच्या आधी दोन गेली. तुला सांगितलं नव्हतं." मी तिच्यासाठी पिठलं टाकलं होतं. आम्ही दोघी जेवलो. पण पुढच्या प्रत्येक घरी मी आधीच व्यंकटरावांना बजावलं, "मालकाला आमचं सांगा आणि मगच कुलूप उघडा. माझे गुडघे फुकट जिने चढायचे नाहीत."

दुसरं घर ऋषिकोंड्याच्या बाजूला, सुजाताच्या ऑफिसापासून जवळ. नवी कोरी इमारत, लिफ्ट, आरशासारखी फरशी. एका बांधकाम कंपनीच्या मालकीची, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही. सगळं दाखवून झाल्यावर तिथला मॅनेजर आम्हाला अभिमानानं गच्चीवर घेऊन गेला. गच्चीवर पोहायचा तलाव. निळ्या फरशीत स्वच्छ, गोडं पाणी, आणि त्यात कुणीही नाही. त्याच वेळी खाली फाटकात एक टँकर आला. मी वरून बघितलं: तोच हिरवा रंग, तशीच काळी नळी. "पाणी कुठून येतं?" मी विचारलं. मॅनेजर म्हणाला, आतल्या बाजूच्या गावात बोअर आहेत, रोज तिथून येतं, काळजी करू नका, कधीच कमी पडत नाही.

मला तिथं उभं राहवेना. बाजूला होऊन मी गुरुजींना फोन लावला. मागं बायांचा गलका ऐकू येत होता. "कसं हाय?" ते ओरडून विचारत होते. मी म्हटलं, "चांगलंय. आपल्याला नको." ते म्हणाले, "कामून?" मी म्हटलं, "आल्यावर सांगते." आणि त्या पाण्याकडं पाठ करून लिफ्टची वाट बघत बसले.

तिसरं घर भीमिलीला होतं. विशाखापट्टणपासून समुद्राच्या कडेकडेनं रस्ता जातो तो थेट या जुन्या बंदरगावात. वाटेत सुजातानं रिक्षा डोंगराकडं वळवली. "तुला एक दाखवायचंय," म्हणाली.

डोंगराचं नाव तोट्लकोंडा. तोट्टी म्हणजे दगडात खोदलेलं टाकं, कोंडा म्हणजे डोंगर. वर विटांचे चौथरे होते, ओळीनं भिक्खूंच्या लहान लहान खोल्यांचे पाये, स्तूपाचं गोल जोतं. कातळात कोरलेली टाकी होती. पावसाचं पाणी त्यांत उतरावं म्हणून दगडात पन्हाळी काढलेल्या. एका टाक्याच्या तळाशी अजून हिरवट पाणी होतं. आणि समोर, झाडांच्या वर, समुद्र. मी चपला काढल्या, जोत्यापाशी बसून त्रिशरण म्हटलं. आमच्या वस्तीतला विहार पत्र्याचा, त्यात पंखा नाही. इथं दोन हजार वर्षांपूर्वीची माणसं जागा निवडायला आली होती. समुद्र बघून भुलली नव्हती, आधी पाण्याची सोय केली होती. मला बरं वाटलं. किती तरी दिवसांनी कुणी ओळखीचं भेटावं तसं वाटलं.

मागं वळून बघते तर सुजाता चढावरच बसलेली. ओठ पांढरे. मी धावत गेले, मनगट धरलं. नाडी भलतीच जलद. एवढ्याशा चढानं तरण्या मुलीला असं होत नाही.

"कधीपासून असं होतंय?"

"काही नाही गं. दमले."

"सुजाता, मी तुझी आई आहे, पण त्याच्या आधी सिस्टर आहे. खरं सांग."

तिनं गवताची काडी तोडली. मग म्हणाली, "मागच्या पावसाळ्यानंतर डेंग्यू झाला होता. दवाखान्यात होते. आता बरी आहे, अशक्तपणा तेवढा राहिलाय."

"आम्हाला फोनवर म्हणालीस, कामानिमित्त बाहेरगावी आहे."

"हां."

"आणि तुझ्याजवळ कोण होतं?"

"कुणी नाही. शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती. तिची सून तिला पाणी द्यायची, तेव्हा मलाही द्यायची." ती थांबली. "तुम्ही पाण्याच्या रांगेत होतात आई. तुम्हाला तिकिटं काढून इकडं धावायला कसं सांगू? पण तेव्हाच ठरवलं की घर घ्यायचं. तुमच्यासाठी म्हणून सांगते सगळ्यांना. खरं तर मला एकटीला नाही राहायचं आता."

मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलींच्या उशाशी उभी राहिले. त्यांचे ताप मोजले, त्यांच्या ओठांना चमच्यानं पाणी लावलं. माझी मुलगी परक्या भाषेच्या दवाखान्यात दुसऱ्याच्या सुनेची वाट बघत पडली होती. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. वारा जोराचा होता. खालच्या रस्त्यावर व्यंकटराव स्कूटरचा हॉर्न वाजवत होते, ते वाजवून वाजवून थांबले.

भीमिलीला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. छोटं, झोपाळू गाव. वाळूत ओढून ठेवलेल्या होड्या, एक जुना दीपस्तंभ, डच लोकांच्या काळातली थडगी, आणि गावाच्या कडेला एक नदी निवांत समुद्रात शिरत असलेली. घर दुमजली, खाली मालकीण, वर आमच्यासाठी दोन खोल्या आणि गच्ची. मालकीण सत्यवतम्मा, सत्तरीच्या, नऊवारीसारखीच काही तरी नेसलेल्या. नवरा वारलेला, मुलगा अमेरिकेत. व्यंकटरावांनी आमचं सगळं सांगून झाल्यावर सत्यवतम्मांनी एकच प्रश्न विचारला. सुजाता ऐकून हसायला लागली.

"काय म्हणतात?"

"मासे चालतात का विचारतात. आधीचे भाडेकरू वासाला कंटाळून गेले म्हणे."

मी सत्यवतम्मांना हातानंच सांगितलं की चालतात, लई चालतात. आमच्याकडची तळी आटल्यापासून मासा तोंडी लागला नाही. त्यांनी काय समजून घेतलं कोण जाणे, पण आत जाऊन एका वाटीत चेपल पुलुसु (चिंचेतलं माशाचं आंबट कालवण) घेऊन आल्या. तिखटानं डोळ्यांतून पाणी आलं. त्या समाधानानं माझ्याकडं बघत राहिल्या.

मला नरसाबाईंची शिकवणी आठवली. "मंची नीळ्ळु?" मी विचारलं.

सत्यवतम्मांचा चेहरा खुलला. माझा हात धरून त्या मला मागच्या अंगणात घेऊन गेल्या. नारळाच्या झाडाखाली विहीर होती. समुद्र तिथून ओरडलं तर ऐकू जाईल एवढ्यावर. त्यांनी स्वतः पोहरा सोडला, वर ओढला आणि माझ्या ओंजळीत ओतला. पाणी गोड होतं. मी पुन्हा ओंजळ धरली, त्यांनी पुन्हा ओतलं. ओंजळीतून सांडलेलं पाणी वाळूत जिरलं, आणि मी ते सांडू दिलं.

वरच्या खोल्यांत जाऊन मी खिडक्या उघडल्या. गज इथंही गंजलेले होते. भिंतीला ओल होती, मागच्या वादळात दार निखळलं होतं त्याची ठिगळं दिसत होती. सुजाता मागं उभी राहून माझ्या चेहऱ्याकडं बघत होती. ऑफिसला जायला कंपनीची गाडी याच रस्त्यानं येते, हे मी आधीच विचारून घेतलं होतं. खाली हाक मारली तर ओ देणारं माणूस होतं. मी म्हटलं, "हेच."

"नक्की? तुला आवडलं म्हणून की मला…"

"दोघींना. सामान कधी आणायचं ते सांग."

पुढचे दिवस मी घर लावलं. भिंती पुसल्या, बाजारातून तवा आणला. तांदळाच्या त्या मुलखात ज्वारीचं पीठ शोधता शोधता पायाचे तुकडे पडले. सुजाताला सकाळ-संध्याकाळ खाऊ घातलं. तिच्या गालावर जरा रंग आला. सत्यवतम्मा रोज जिन्याखालून "तिन्नारा?" (जेवलात का?) विचारायच्या आणि मी मराठीत उत्तर द्यायची. संध्याकाळी आम्ही वाळूत बसायचो. कोळ्यांच्या होड्या परत यायच्या. सगळं सुख होतं; आणि मला आमच्या गल्लीतल्या धुळीचा वास हवासा व्हायचा. दुपारच्या उन्हात कडुलिंबाखाली टेकलेले गुरुजी, पलीकडं बिडी ओढणारे सलीमभाई, दुष्काळातसुद्धा कुणाच्या तरी चुलीवर भाजणाऱ्या वांग्याचा धूर. ज्या गावातून पाण्यासाठी निघाले, त्या गावाची तहान मला पाण्याकाठी लागली होती.

निघताना सुजातानं विचारलं, "पप्पा येतील का गं?" मी म्हटलं, "विचारते." सत्यवतम्मांनी नारळाची पिशवी दिली. येताना राजमहेंद्रीचा पूल रात्री गेला, मला झोप लागली होती. नांदेडला उतरले तेव्हा वाळू होती तशीच होती.

घरी आले. गुरुजी काळे पडले होते. त्यांनी चहा केला, मी पिशवी सोडली. मग मी त्यांना सगळं सांगितलं: गंजलेले गज, "त्याच्या आधी?" विचारणारी बाई, गच्चीवरचं निळं पाणी, डोंगरावरची टाकी, विहीर. ते खाली मान घालून ऐकत होते. डेंग्यूचं सांगितलं तेव्हा त्यांनी कपबशी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "चांगलं घर बघितलंस. तू जा तिच्याजवळ. मी पाऊस झाल्यावर येतो. दुस्काळात गाव सोडलं तर पळाल्यासारकं वाटतं गं मला."

मी वाद घातला नाही. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

संध्याकाळी आम्ही दारात बसलो होतो. सुजाताचा फोन आला. मी नीट पोचले का, चहा घेतला का, विचारत होती. ती गच्चीवर असावी. मी फोन गुरुजींच्या हातात दिला. ते "हां बेटा, हां" करत राहिले. मग एकदम थांबले. "हे काय वाजायलंय मागं?" त्यांनी विचारलं. ती "समुद्र" म्हणाली असेल. त्यांनी फोन कानाला दाबला, दुसरा कान बोटानं बंद केला आणि डोळे मिटले. गल्लीतून एक मोटारसायकल गेली, तर हात वर करून त्यांनी तिला थांबायची खूण केली. शाळेत गडबड करणाऱ्या पोराला करायचे तशी.

फोन संपला तरी तो त्यांच्या हातातच होता. "लई मोठं हाय गं," ते म्हणाले.

"हाव."

"आन पोरगी रोज एकटी त्याच्या शेजारी झोपायली?"

मी फोन त्यांच्या हातातून घेऊन पदरानं पुसला.

ते म्हणाले, "सलीमभाईला सांगतो. धरतेल ते नळी. भांडायले लोक तर भांडू दे थोडं." मग माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं, "नांदेडहून गाडी कोणत्या वारी असती?"

मी वार सांगितला. ते उठून आत गेले, खुंटीवरचा सदरा काढून झटकू लागले. अंगणात अंधार पडत होता. समोरच्या घरी कुणी तरी दिवा लावला. आणि आमच्याच उंबऱ्यावर बसलेली असताना मला याच घराची आठवण येऊ लागली.